घर परवडलं म्हणजे नेमकं काय झालं?

‘भाडं भरत राहावं की हप्ता सुरू करावा?’ या गेल्या अंकातल्या प्रश्नोत्तरावर आलेल्या पत्रांतली काही या वेळी घेतली आहेत. नावगाव कोणाचंच छापलेलं नाही. घराचा विषय निघाला की माणसं पगारापासून जावेच्या टोमण्यापर्यंत सगळं लिहितात. ते लिहावंच, छापायचं किती ते माझ्यावर सोडा. मी बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलामागं बसून लहान उत्पन्नाच्या कुटुंबांचे अर्ज तपासले आहेत. त्यामुळे उत्तरांत आकडे येणारच. आकडे टाळून घराबद्दल बोलणं मला जमत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका रुग्णालयात आयाचं काम करते. मिस्टर टेम्पो चालवतात, दुसऱ्याचा. मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत. लग्न झाल्यापासून भाड्यानंच राहतो. करार संपला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर ‘पुतण्याला खोली पाहिजे’ म्हणतो. मुलाच्या आतापर्यंत तीन शाळा झाल्या. टीव्हीचा आणि मिक्सरचा खोका आम्ही कधी टाकलाच नाही, पुढच्या वेळी लागतोच. आता अल्प उत्पन्न गटाच्या एका योजनेत आम्हाला छोटं घर मिळतंय. थोडी रक्कम आधी भरायची, बाकीचं कर्ज. हप्ता आताच्या भाड्यापेक्षा जरा जास्त बसतो. दीर म्हणतात, ‘वीस वर्षं मान अडकवून घेऊ नका. भाड्याचं बरं, नाही जमलं तर उठून जाता येतं.’ हे ऐकून मिस्टर बिचकलेत. मला तर त्या घराच्या विचारानं रात्र-रात्र झोप नाही. मुलगी विचारते, तिथं भिंतीवर चित्र लावलं तर चालेल का? काय करू? — एक आई

उत्तर : तुमच्या दिरांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि खोटही आहे. खोट आधी सांगते. ‘उठून जाता येतं’ ही सोय ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याची. तुमच्या पत्रात तुम्ही एकदाही आपणहून उठलेल्या दिसत नाही, दर वेळी तुम्हाला उठवलंय. करार मालकाच्या सोयीनं संपतो. नवी खोली बघायला रजा तुम्ही काढता, टेम्पोचा दिवस बुडतो, नवी अनामत, दलाली, सामान हलवायची गाडी, शाळेचा दाखला, नवा गणवेश, पत्ता बदलायचे अर्ज. यातलं काहीही भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. गेल्या पाच वर्षांतला हा सगळा खर्च आठवेल तसा एका कागदावर मांडा, साठ महिन्यांनी भागा आणि भाड्यात मिळवा. मग हप्ता किती ‘जरा जास्त’ आहे ते बघा. अशी मांडणी अर्जदारांकडून करून घेतली की समोरच्या माणसाचा चेहरा बदलायचा, कारण पुष्कळदा तो फरक उरतच नसे.

शिवाय भाडं आज आहे तिथं थांबत नाही. वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत गेलं तर पंधरा वर्षांत ते दुपटीच्या वर जातं आणि वीस वर्षांत अडीचपट ओलांडतं. हप्त्याचा व्याजदर स्थिर असेल तर विसाव्या वर्षीही आकडा तोच. दर बदलता असेल तर आकडा वरखाली होईल, पण पुतण्याला खोली पाहिजे म्हणून नक्कीच नाही. आणि हप्ता एक दिवस संपतो. भाडं कमाई थांबल्यावरही सुरूच असतं, याचा विचार चाळिशीच्या आत फारसं कोणी करत नाही.

आता तुमच्या झोपेचं. स्वतःच्या घरानं कुटुंबात काय बदलतं, हे शोधणं तसं अवघड आहे. घरमालकांची मुलं जास्त शिकतात असं नुसतं मोजलं तर उत्तर फसवं येतं, कारण ज्यांचं आधीपासून बरं चाललेलं असतं तेच घर घेतात. पण अर्जेंटिनात एक वेगळाच योग जुळून आला. १९८१ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या कडेला, सान फ्रान्सिस्को सोलानो भागात, बेघर कुटुंबांनी एका पडीक जमिनीवर बस्तान मांडलं. जमीन सरकारी असावी असा त्यांचा समज होता. ती निघाली खाजगी, तीही वेगवेगळ्या मालकांची. १९८४ मध्ये कायदा झाला : सरकारनं मालकांना भरपाई देऊन जमीन घ्यायची आणि राहणाऱ्यांच्या नावे करायची. काही मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे एकाच वस्तीत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, सारख्याच परिस्थितीतल्या काही कुटुंबांच्या हाती मालकीचा कागद आला आणि काहींच्या हाती वर्षानुवर्षं आलाच नाही. कागद कोणाला मिळाला यात कोणाची हुशारी नव्हती की ओळखपाळख नव्हती.

सेबास्तियन गालियानी आणि एर्नेस्तो शार्ग्रोद्स्की या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी पुढं या शेजाऱ्यांची तुलना केली. कागदवाल्यांनी भिंती, छप्पर, दारापुढचा पदपथ यांवर जास्त खर्च केला होता. त्यांच्या घरांत माणसांची दाटी कमी होती आणि मुलं जास्त शिकत होती. उत्पन्न मात्र वाढलेलं नव्हतं आणि कर्ज मिळणंही फारसं सोपं झालेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते. घर झालं की भरभराट होईल असं कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला तुम्हाला घर विकायचंय एवढंच समजा.

त्याच वस्तीत आणखी एक गोष्ट विचारली गेली : मोठ्या गटाचा आधार नसताना माणूस स्वतःच्या बळावर पुढं येऊ शकतो का? ‘येऊ शकतो’ म्हणणारे कागदवाल्यांत जास्त निघाले. कमाई तीच, गल्ली तीच, शेजार तोच. तुम्हाला झोप का लागत नाही, ते या उत्तरात आहे असं मला वाटतं.

तुम्ही रुग्णालयात काम करता, म्हणून मेक्सिकोचंही सांगते. तिथल्या कोआविला राज्यात २००० साली ‘पिसो फिर्मे’, म्हणजे पक्की जमीन, अशी योजना सुरू झाली. गरीब घरांतल्या मातीच्या जमिनीवर सिमेंटचा थर द्यायचा, बस एवढंच. नंतरच्या पाहणीत या घरांतल्या लहान मुलांचे जंत, जुलाब आणि रक्तक्षय कमी झालेले आढळले. घरातली सगळी जमीन पक्की झाली तर जंतांचं प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि जुलाबाचं ४९ टक्क्यांनी उतरतं, असा अभ्यासकांचा हिशेब आला. घरातल्या बायकांचा ताण आणि उदासीही कमी झाली. हे तिथं सरकारनं करून दिलं. पण भाड्याच्या खोलीत ओल आलेली भिंत कोण दुरुस्त करतं? मालक म्हणतो, परवडत नसेल तर सोडा. भाडेकरू म्हणतो, अकरा महिन्यांनी जायचंय तर मी का खर्च करू? दोघांचंही बरोबर असतं आणि पोर त्या ओलीत खोकत राहतं. घर आपलं झालं की निदान या भांडणाचा निकाल लागतो.

मुलीला सांगा, चालेल. खिळाही तिलाच मारू दे.

आता दिरांच्या म्हणण्यातलं तथ्य. अमेरिकेत २००७-०८ च्या आधी लहान उत्पन्नाच्या असंख्य कुटुंबांना अशी कर्जं वाटली गेली की पहिली दोन वर्षं हप्ता हलका आणि मग व्याजदर उडी घेणार. कर्ज देणारा ते कर्ज पुढं विकून मोकळा होई, त्यामुळे फेड जमेल का याची त्याला फिकीर नव्हती. हप्ते चढले, त्याच सुमारास घरांच्या किमती कोसळल्या आणि लाखो कुटुंबं रस्त्यावर आली. भाड्यानं राहत होती तेव्हा त्यांच्याकडे निदान थोडी शिल्लक होती. या घरापायी तीही गेली. तेव्हा हप्ता आज किती, एवढं विचारून गप्प बसू नका. ‘हा हप्ता जास्तीत जास्त किती होऊ शकतो, केव्हा आणि कशामुळे?’ असं विचारा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तर देऊन लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या टेबलावरून उठा.

मुदतीचंही नीट बघा. नऊ टक्के दरानं वीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर पहिल्या हप्त्यातल्या शंभरातले ८३ व्याजात जातात, मुद्दलात फक्त १७. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तरी मुद्दलाचा ७१ टक्के भाग बाकीच असतो. ही फसवणूक नाही, व्याजाची रीतच तशी आहे. पण हे आधी कोणी सांगत नाही आणि दहाव्या वर्षी विवरण हातात पडलं की माणूस हबकतो. मुदत तीस वर्षं केली तर हप्ता जेमतेम दहा-अकरा टक्क्यांनी उतरतो, पण घेतलेल्या शंभराचे वीस वर्षांत जे २१६ भरायचे, ते तीस वर्षांत २९० होतात. म्हणून झेपेल तेवढी कमी मुदत घ्या, आणि सुरुवातीच्या वर्षांत हाती जादा पैसे आले तर ते मुद्दलात भरा. तेव्हा भरलेल्या पैशाचा परिणाम सगळ्यात जास्त असतो.

सही करण्याआधी एक रंगीत तालीम करा. भाडं आणि हप्ता यांतला फरक आजपासून दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. देखभाल खर्च आणि घराचा कर यांचा अंदाज काढून तोही टाका. चार-सहा महिने हे जमलं, टेम्पोच्या मंदीच्या महिन्यातही जमलं, तर घर तुम्हाला परवडतं. नाही जमलं तर तेवढी शिल्लक तरी हाताशी राहिली. किमान तीन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय किल्ली घेऊ नका. घराच्या कागदांवर नाव दोघांचं लावा, यावर घरात कोणी नाक मुरडलं तरी. आणि मिस्टरांच्या नावे कर्जाच्या रकमेएवढा मुदतीचा विमा काढा, परत काही न देणारा, साधा, स्वस्त. दिवसभर रस्त्यावर असलेल्या माणसाच्या कमाईवर हे सगळं उभं राहणार आहे.

प्रश्न : मी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक. योजनेतलं घर लागलं तेव्हा सगळ्यांनी हेवा केला. घर चांगलंय, स्वतंत्र संडास-बाथरूम, पाणीही येतं. पण आहे शहराबाहेर. कामावर पोचायला दोन बस बदलाव्या लागतात. बायको जुन्या वस्तीजवळ चार घरची कामं करायची, ती सुटली. जुन्या गल्लीत पोरगं कोणाकडेही जेवायचं, इथं कुलूप लावून आत बसतं. घर भाड्यानं देऊन परत जुन्या वस्तीत खोली घ्यावी असं वाटतं. सासरे म्हणतात, मिळालेलं घर सोडणारा करंटा. — रात्रपाळीवाला

उत्तर : सासऱ्यांना अहमदाबादची हकिकत ऐकवा. तिथं १९८७ साली झोपडवस्तीतल्या कष्टकरी बायकांसाठी घरांची सोडत निघाली होती. चिठ्ठी कोणाची निघाली आणि कोणाची नाही, एवढाच दोन गटांतला फरक. चौदा वर्षांनी संशोधकांनी दोन्ही गटांची गाठ घेतली. घर लागलेल्यांची घरं चांगली होती, पण शहराच्या मध्यापासून लांब. त्यांचं उत्पन्न किंवा मुलांचं शिक्षण, न लागलेल्यांपेक्षा पुढं गेलेलं नव्हतं. उलट नातेवाईक आणि जातभाईंपासून तुटल्यामुळे अडीनडीला उसने-पासने मिळणं कमी झालं होतं. घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथं कधी राहायला गेलेच नाहीत आणि आणखी ३२ टक्के राहून परत फिरले. एवढी सगळी माणसं करंटी नसतात.

पहिल्या पत्रातल्या ताईंना मी घर घ्या म्हणते आणि तुम्हाला हे सांगते, याचं नवल वाटायला नको. घराचा खर्च हप्त्यापाशी संपत नाही. दोघांचा बसचा खर्च, बायकोची बुडालेली कमाई आणि तुमच्या झोपेतले गेलेले तास मिळून या घराची खरी किंमत होते. ती सगळी मांडा. योजना आखणारे नेमकं हेच मांडत नाहीत. जमीन स्वस्त मिळते तिथं इमारती उभ्या करतात, आणि मग घरं रिकामी पडली की राहणाऱ्यांना नावं ठेवतात.

तरी घाईनं सोडू नका. आधी वाटपपत्र वाचा. अशा घरांवर ठराविक वर्षं विकायची किंवा भाड्यानं द्यायची बंदी असते आणि अट मोडली तर वाटपच रद्द होऊ शकतं. शेजारच्या इमारतींतही तुमच्यासारखीच अडलेली माणसं असणार. बससाठी, पाळणाघरासाठी एकट्याचा अर्ज आणि शंभर सह्यांचा अर्ज यांत फार फरक पडतो. बायकोला काय वाटतं ते पत्रात कुठं आलेलं नाही. काम तिचं सुटलंय, तिला विचारा. ती म्हणाली की परत जायचं, आणि अट आड येत नसेल, तर जा. घर तुमच्या नावावर आहे. त्याच्या भाड्यातून हप्ता भागत असेल तर तेही घरानं दिलेलं स्थैर्यच आहे.

प्रश्न : मला एक साधा प्रश्न आहे. आम्ही पोटाला चिमटा काढून घर बांधलं. कोणी सवलत दिली नाही. आता ज्याला-त्याला स्वस्तात घर वाटत सुटलेत. फुकटाची सवय लागते, आणि पाच वर्षांनी हेच लोक घर विकून नफा खातात. तुमचं सदर याला खतपाणी घालतंय. — एक निवृत्त वाचक

उत्तर : पत्र कडक आहे, पण त्यातला दुसरा मुद्दा चांगला आहे.

पहिल्याबद्दल थोडक्यात. अनेक देशांत गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते. ती घेणारा बहुतेक मध्यमवर्गातला आणि त्याहून वरचा असतो. तिला कोणी फुकट म्हणत नाही. सिंगापूरनं १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापलं, १९६४ मध्ये तिथली घरं लोकांना विकत द्यायला सुरुवात केली आणि १९६८ पासून भविष्यनिर्वाह निधीतले पैसे त्यासाठी वापरू दिले. आज तिथले चारपैकी तीनहून अधिक रहिवासी या सरकारी इमारतींत राहतात, बहुतेक जण मालक म्हणून, ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. तो देश आळशी झाल्याचं कोणी म्हणत नाही. अमेरिकेत मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्यानं १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ सुरू केली. तिथं घर हवं असलेल्या कुटुंबाला बांधकामावर स्वतः राबावं लागतं, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही, आणि वर हप्ते भरावे लागतात. फक्त त्या कर्जावर कोणी नफा काढत नाही. स्वस्त आणि फुकट यांतलं अंतर तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला मी समजावून सांगायला नको.

आता नफ्याचं. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्यानं सरकारी घरांतल्या भाडेकरूंना ती घरं मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडमध्ये जवळपास वीस लाख घरं अशी विकली गेली. ज्या कुटुंबांनी ती घेतली त्यांचं भलं झालं, यात वाद नाही. पण विकलेल्यांच्या जागी नवी घरं त्या मानानं फार थोडी बांधली, आणि विकलेल्यांतली बरीच पुढं खाजगी घरमालकांच्या हातात जाऊन चढ्या भाड्यानं निघाली. म्हणजे पहिल्या कुटुंबाला शिडी मिळाली आणि त्यानं ती वर ओढून घेतली. दोष मात्र कुटुंबाचा नाही, नियमाचा.

याला उपाय निघालेला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ नावानं एक भूविश्वस्त संस्था काढली. तीच कल्पना पुढं शहरांत घरांसाठी आली. जमीन विश्वस्त संस्थेची, वरचं घर कुटुंबाचं. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतं, वारसांना देऊ शकतं, विकूही शकतं, पण ठरलेल्या सूत्रानं. भरलेलं मुद्दल आणि वाढीव किमतीतला थोडा वाटा त्याला मिळतो, बाकी सवलत घरातच राहते आणि पुढच्या गरजू कुटुंबाला घर तसंच स्वस्त मिळतं. २००८ च्या पडझडीत अशा घरांवर जप्ती येण्याचं प्रमाण बाजारातल्या घरांपेक्षा बरंच कमी होतं, कारण कर्ज देण्याआधी आणि नंतरही संस्था कुटुंबाच्या पाठीशी उभी राहायची. तुम्ही निवृत्त आहात, हिशेब पक्का आहे. तुमच्या ओळखीत कोणी गृहनिर्माण संस्था चालवत असेल तर त्याच्या कानावर हे घाला.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच्या घरात आलो. तेव्हापासून बाबा रविवारीही कामाला जातात. आई दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूची पावती डब्यात ठेवते आणि रात्री दोघं त्यावर भांडतात. भाड्याच्या घरात आम्ही जास्त हसायचो. मला हे घर आवडत नाही असं म्हटलं तर कृतघ्न ठरेन ना? — मोठी मुलगी

उत्तर : नाही ठरणार. तुझ्या पत्रात घराबद्दल तक्रार एकही नाही, सगळ्या हप्त्याबद्दल आहेत.

पहिली चार-पाच वर्षं सगळ्यात जड असतात. कमाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेली तर आज कमाईच्या ४० टक्के खाणारा तोच हप्ता दहा वर्षांनी २२ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे भांडणाचं कारण हळूहळू आटतं. तोवर माणसं आटू नयेत एवढं बघायचं. आईचा पावत्यांचा डबा ही खरं तर फार चांगली गोष्ट आहे, तिची वेळ तेवढी चुकतेय. रात्री दहा वाजता, दमून आलेल्या माणसासमोर, हिशेब काढायचा नसतो. महिन्यातून एकदा, सकाळी, तिघांनी बसा आणि वही तू सांभाळ. एकोणिसाव्या वर्षी घराचा हिशेब हातात घेतलेल्या मुलीला पुढं कोणी आकड्यांत गुंडाळू शकत नाही. वहीत एक रकाना मजेचा ठेव, कितीही छोटा असो, आणि तो कापायची परवानगी कोणालाच देऊ नकोस. चाळीस टक्क्यांच्याही वर हप्ता जात असेल तर बाबांना घेऊन कर्जदात्याकडे जा आणि मुदत थोडी वाढवून मिळेल का विचार. वर त्या ताईंना मी मुदत कमी ठेवा म्हटलं, ते खरं. पण तुमच्या घरात आता जादा व्याजापेक्षा बाबांचे रविवार महाग पडतायत.

प्रश्न : आमचे वीस वर्षांचे हप्ते लवकरच संपतायत. ह्यांना वाटतं, शेवटचा हप्ता गेला की विषय संपला. आणखी काही करायचं असतं का? — हिशेबी गृहिणी

उत्तर : असतं, आणि ते राहून गेल्यानं पुढं वारसांची दमछाक झालेली मी पाहिली आहे. कर्ज पूर्ण फिटल्याचा आणि काही येणं नसल्याचा लेखी दाखला घ्या. कर्ज घेताना जमा केलेल्या मूळ कागदांची यादी तुमच्याकडे असेल, ती समोर धरून एकेक कागद पान मोजून ताब्यात घ्या. पान कमी असेल तर तिथल्या तिथं लेखी तक्रार द्या. सरकारी नोंदीत घरावर कर्जाचा बोजा चढवलेला असतो, तो आपोआप उतरत नाही, अर्ज करून उतरवावा लागतो आणि उतरल्याचा उतारा काढून ठेवावा लागतो. खात्यातून आपोआप हप्ता कापायची सूचना बंद करा. कर्जापोटीच्या विम्यावर वारस म्हणून कोणाचं नाव आहे तेही एकदा बघा.

आणि हप्त्याची रक्कम मोकळी झाली म्हणून लगेच खर्चाला लावू नका. पहिलं वर्षभर ती वेगळ्या खात्यात जाऊ द्या. वीस वर्षांच्या घरात छताची गळती, पाण्याचे पाइप आणि विजेचं वायरिंग ही तिन्ही कामं बहुधा एकदमच निघतात. पैसे एकाच कामापुरते असतील तर वायरिंग आधी करा.